'झेड'विना किन्सी
अमेरिकी रहस्यकथाकार सू ग्राफ्टन यांचं कुटुंब एका बाबतीत त्यांच्या इच्छेला जागलं आणि दुसऱ्या बाबतीत फिरलं, हे प्रस्तुत लेखिकेला अजून पचलेलं नाही.

त्यांची नायिका किन्सी मिलहोन ही कॅलिफोर्नियातल्या सांता तेरेसा या काल्पनिक शहरातली खासगी गुप्तहेर. १९८२ साली 'ए इज फॉर अ‍ॅलिबाय' आलं, २०१७च्या ऑगस्टमध्ये 'वाय इज फॉर यस्टरडे'. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने, ३५ वर्षांत २५ पुस्तकं. कथेत मात्र जेमतेम सात वर्षं सरतात. त्यामुळे किन्सीच्या हाती शेवटपर्यंत मोबाइल येत नाही. दारोदार विचारपूस करायची, कळलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कार्डावर टिपायची आणि अडलं की ती कार्डं पुन्हा पुन्हा लावून बघायची. केस ती स्वतःच, नखं कापायच्या कात्रीने कापते.

पहिल्याच पुस्तकात खून होतो तो कण्हेरीच्या विषाने. आपल्याकडे कुंपणाला लावतात तीच कण्हेर! लेखिका तिथेच या मालिकेत अडकली.

२८ डिसेंबर २०१७ रोजी ग्राफ्टन गेल्या. 'झेड'चं नाव ठरलेलं होतं, पुस्तक झालं नाही. दुसऱ्या कुणाकडूनही ते लिहून घेणार नाही, मुळाक्षरं 'वाय'लाच संपली, असं घरच्यांनी जाहीर केलं. लेखिकेला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पण ग्राफ्टन यांची आणखी एक अट होती: किन्सी पडद्यावर जाता कामा नये. हॉलिवूडसाठी पटकथा लिहिल्याने तिथे कथेचं काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलांनी हक्क विकले तर भूत होऊन छळेन, असं त्या बजावून सांगत. २०२१ मध्ये टीव्हीचे हक्क विकले गेले. टीव्ही आता बदललाय, असं पती स्टीव्ह हम्फ्री यांचं म्हणणं. बदलला असेलही. पण नकार देणारी बाई उत्तर द्यायला उरली नाही, तेव्हाच हा युक्तिवाद कसा सुचतो? मृत्युपत्रातली जमीन आपण अशी सहज फिरवत नाही.

आणि तरीही टीव्ही मालिका आलीच, तर लेखिका ती बघणार. किन्सी चालताना-बोलताना बघायची ओढ आहेच.

नव्या वाचकाने मात्र 'ए'पासून क्रमानेच जावं. पाचव्या वर्षी पोरकी झालेली, मावशीने वाढवलेली ही मुलगी. 'जे'मध्ये तिच्या आईकडचे नातलग अचानक उगवतात. तो धक्का आधीची नऊ पुस्तकं वाचल्याशिवाय नीट बसत नाही.