खायला काळ, भुईला भार

दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या प्रकल्पाला मी दहापैकी पाच गुण दिले. सावली तालुक्यातून रोज एसटीनं मूलला येणारी अकरावीची मुलगी. बोडीतलं (लहान तळ्यातलं) पाणी किती उतरलं ते सांगणारं यंत्र तिनं अर्डुइनो उनोवर केलं होतं, आणि ते चालत होतं. तरी मी पाचच दिले. वर वर्गासमोर म्हणालो, ‘‘आजच्या काळात उनो? हे डबडं आता म्युझियममध्ये ठेवायचं.’’ वर्ग हसला. ती हसली नाही.

पगार मला भौतिकशास्त्राचा मिळतो, पण रविवारी सोल्डरचा धूर नाकात गेला नाही तर सुट्टी फुकट गेल्यासारखी वाटते. त्या काळात माझं गणित सरळ होतं. उनोची चिप १६ मेगाहर्ट्झची, रॅम २ किलोबाइट. ईएसपी-३२ बोर्ड म्हणजे २४० मेगाहर्ट्झ, दोन कोअर, ५२० किलोबाइट रॅम, वाय-फाय, ब्लूटूथ, आणि किंमत अस्सल उनोपेक्षा कितीतरी कमी. बैलजोडीपेक्षा स्वस्तात ट्रॅक्टर मिळत असेल तर बैल घ्यायचे कशाला? सीताबर्डीतून एकदम चार बोर्ड उचलून आणले होते. त्यातले तीन अजून पाकिटातच होते, हेही सांगून टाकतो.

मग मामाचं कुंपण आलं.

मामाची बांधी सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला लागून. धान एचएमटी. (नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळी लोंबी हेरून वाढवलेलं, मनगटी घड्याळाच्या नावानं प्रसिद्ध झालेलं ते वाण.) लोंबी भरायला लागली की डुकरं येतात आणि डुकरांमागं वाघ. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प, पण नकाशावरची रेघ वाघाला कुणी दाखवलेली नाही. ब्रह्मपुरी वनविभागात तर प्रकल्पाबाहेरच वाघ नांदतात. जागलीला जाणाऱ्या माणसाच्या घरी रात्री दिवा विझत नाही.

मामानं सौर कुंपण घातलंय. आमच्याकडे त्याला झटका मशीन म्हणतात. साधारण सेकंदाला एकदा काही हजार व्होल्टचा ठोका तारेतून जातो, पण इतका क्षणिक की जनावर दचकून पळतं, मरत नाही. घरची लाइन उघड्या तारेत सोडणारे वेगळे. तो गुन्हा आहे, आणि त्यात डुकराबरोबर वाघ मरतो, माणूसही मरतो. झटका मशीनची अडचण साधी आहे. पावसात गवत वाढून तारेला टेकलं, किंवा फांदी पडली, की ठोका जमिनीत मुरतो आणि कुंपण नुसतं दिसायला उरतं. मग रात्री कुणीतरी टॉर्च घेऊन बघायला जायचं. मामेभाऊ हिरव्या गवताचं पातं तारेला लावून बघतो, हाताला मुंग्या आल्या की समजायचं चालू आहे. मामाची पद्धत त्याहून छान. जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधे लावायचा आणि तारेजवळ न्यायचा. टक्… टक्… टक्… ऐकू आलं की कुंपण जिवंत.

मी म्हटलं, एवढंच ना! हे बोर्ड ऐकेल आणि घरी कळवेल. रात्री कुणी जायची गरज नाही.

ईएसपी-३२ प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला, १८६५० चा लिथियम सेल जोडला आणि डबा खांबाला बांधला. निरोप वाय-फायवरून जाणार होता. वाय-फाय कुठून येणार, हा प्रश्न मला खांबाशी उभं राहिल्यावर पडला. घर दीड किलोमीटरवर, आणि मोबाइलची एक काडी मिळते ती तलावाच्या पाळीवर, तीही आभाळ स्वच्छ असेल तर. वाय-फाय आहे म्हणून मी बोर्ड घेतला होता, जिथं वाय-फाय नाही तिथल्यासाठी. वर सेल एका दिवसात संपला.

हार मानायची नव्हती. वाय-फाय बंद केलं, रेडिओ मॉड्यूल जोडलं आणि बोर्डाला गाढ झोपेत ठेवलं. दहा मिनिटांनी उठायचं, ऐकायचं, झोपायचं. डेटाशीटमध्ये गाढ झोपेतला खर्च १० मायक्रोअँपच्या घरात दिलेला. २६०० मिलीअँप-अवरचा सेल त्या हिशेबानं जवळपास तीस वर्षं पुरायला हवा. वहीत तसं लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. दहाव्या दिवशी सेल मेला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. मामाच्या ओसरीवर बसून मल्टिमीटर सेलच्या वाटेत घातला. बोर्ड झोपलेला, मीटरवर साडेनऊ मिलीअँप. डेटाशीट खोटं नव्हतं. चिप खरंच झोपली होती, पण तिच्या शेजारचा व्होल्टेज रेग्युलेटर जागा होता, यूएसबीची चिप जागी होती, आणि एक लाल दिवा रात्रभर जळत होता, बंद डब्यात, बघायला कुणी नसताना. मामा शेजारी खर्रा घोटत होता. मी त्याला आकडे समजावले. तो म्हणाला, ‘‘का गा भाशा, हा तुझा गडी रातभर झोपते आन भाकर दोघाची खाते?’’

खायला काळ, भुईला भार. मी त्या गड्याला आजवर एकच विचारलं होतं: किती पळतोस? झोपल्यावर किती खातोस, हे विचारावंसंच वाटलं नव्हतं. टेबलावर यूएसबीची वायर लावलेली असली की तो प्रश्न पडत नाही. आणि सेकंदाला एक ठोका मोजायला २४० मेगाहर्ट्झ? मुंगी मारायला तोफ.

उनो तरी कुठं शहाणा? चिप झोपवली तरी तो बोर्ड चाळीसेक मिलीअँप ओढतो, माझ्या बोर्डाच्या चौपट. उनोच बरोबर होता असं मला म्हणायचं नाही. पण त्याच्यात एक गोष्ट अशी आहे जिच्यावर मी हसलो होतो: अठ्ठावीस पायांची जाडजूड चिप सॉकेटमध्ये नुसती खोचलेली असते. अर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात, डिझाइन शिकणाऱ्या पोरांसाठी निघाला. ती शिकायची पाटी. चिप जळाली तर स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची, दुसरी बसवायची. मला ते मागासलेपण वाटायचं.

मी दोन उनो विकत घेतले. हो, तीच डबडी. एकाला प्रोग्रामर बनवून दुसऱ्याच्या चिपचे फ्यूज बदलले, म्हणजे ती बाहेरच्या क्रिस्टलशिवाय, आतल्या ८ मेगाहर्ट्झवर चालेल. मग ती उपटून साध्या डॉटेड बोर्डावर बसवली. ना रेग्युलेटर, ना यूएसबी, ना लाल दिवा. सौर कंदिलात असतो तसा ३.२ व्होल्टचा ६००० मिलीअँप-अवरचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल सरळ जोडला. रेडिओसाठी लोरा मॉड्यूल घेतलं, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं, कारण त्या पट्ट्यात कमी शक्तीच्या यंत्रांना आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही. चिपमध्ये वॉचडॉग असतो, अक्षरशः राखणीचं कुत्रं. तो दर आठ सेकंदांनी तिला हलवतो. ती एक आकडा वाढवते आणि पुन्हा झोपते. पंचाहत्तरदा हलवलं की दहा मिनिटं झाली. मग तीन सेकंद कान द्यायचा. कान म्हणजे कुंपणाच्या तारेला न टेकता शेजारून नेलेली वीतभर वायर. मल्टिमीटर मिलीअँपच्या रेंजवर शून्य दाखवत होता. खालच्या रेंजवर नेला तेव्हा सहा मायक्रोअँप दिसले. मी मीटर बदलून पुन्हा पाहिलं.

घरच्या टोकाला ईएसपी-३२ च बसवला आहे. तिथं भिंतीत प्लग आहे, खाऊ दे किती खायचं ते. हिरवा दिवा म्हणजे कुंपण चालू. लाल म्हणजे बंद, किंवा तासाभरात शेतातून काहीच आवाज नाही.

ती मुलगी मागच्या दिवाळीत मूलच्या बसस्टँडवर भेटली. आता गडचिरोलीला शिकते. गुण वाढवता येत नाहीत, पण चुकलो होतो हे सांगता येत होतं, ते सांगितलं. उनोच का घेतला होतास, असंही विचारलं. मला वाटलं, सॉकेटबद्दल काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, ‘‘सर, घरी तेवढा एकच होता. दादाच्या कॉलेजचा.’’ इतका साधा निकष माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हता.

रोवणीनंतर लावलेला डबा धान कापेपर्यंत एकदाही चार्ज केला नाही. त्या हंगामात दिवा दोनदा लाल झाला. पहिल्यांदा डब्यात मुंग्यांनी घर केलं होतं, अंड्यांसकट. आता झाकणाच्या कडेला ग्रीस लावतो. दुसऱ्यांदा कोजागरीच्या आसपास, रात्री दोनच्या सुमारास. मामी उठली, दिवा पाहिला, मामाला हलवलं. मामानं टॉर्च हातात घेतला, मग परत खुंटीला लावला. सकाळी सातला, ऊन बांधीत उतरल्यावर, तो आणि मामेभाऊ काठ्या घेऊन गेले. मोहाची फांदी तारेवर पडली होती. डुकरांनी कोपऱ्यातलं धान लोळवलं होतं, आणि बांधावरच्या ओल्या चिखलात वाघाची पावलं होती, कुंपणाच्या आतल्या बाजूनं.