बोरी-बाभळीच्या मुलखातली फळशेती

लातूर-नांदेडकडची तरुण शेतकरी मुलं अलीकडे मला ब्लूबेरीबद्दल फार विचारतात. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, किलोचा भाव तोंडपाठ असतो. मी आधी माती परीक्षणाचा अहवाल मागतो. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामूची आम्ल माती लागते. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. ती आम्ल करायची आणि वर्षानुवर्षं तशीच ठेवायची, म्हणजे कुंड्या, कोकोपीट आणि आम्ल मिसळलेलं पाणी आलं. तेही त्या लातुरात, जिथं एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. ती गाडी विसरून लातूरच्या शेतकऱ्याला कुठलंही पीक सुचवणं मला अपराध वाटतो.

आणि ब्लूबेरी मागतात ती कशासाठी? जांभळ्या रंगातल्या ॲन्थोसायनिनसाठी, क जीवनसत्त्वासाठी, तंतूंसाठी. यातलं काय किनवट-माहूरच्या जंगलातल्या जांभळात आणि करवंदात नाही? आवळ्याचं क जीवनसत्त्व जुन्या भारतीय तक्त्यांत दर 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅम दिलं आहे, 2017 च्या नव्या तक्त्यात ते अडीचशेच्या आसपास येतं. हा कमी आकडा धरला तरी तो संत्र्याच्या कितीतरी पट आहे. आकडे वापरताना मात्र जपावं. करवंदात 39 मिलिग्रॅम लोह असतं असं सर्रास सांगितलं जातं. तो आकडा सुकवलेल्या करवंदाचा आहे, ताज्या फळाला लावायचा नाही.

पण माझा खरा जीव बोरीवर आहे. या झाडाचं वेळापत्रक जणू मराठवाड्याचा पाऊस पाहूनच ठरलं आहे. एप्रिल-मे महिन्यांत, विहिरी तळाला जातात तेव्हा, बोर पानं टाकून झोपी जाते. त्याच सुमाराला तिची कडक छाटणी करायची. पाऊस पडला की नवे फुटवे येतात, त्या नव्या फांद्यांवरच पावसाळ्याच्या शेवटी फुलं लागतात आणि संक्रांतीच्या आगेमागे फळं पिकतात. खोल गेलेलं सोटमूळ उरलीसुरली ओल शोधून काढतं. ज्या महिन्यांत माणसाला पाणी नसतं, त्या महिन्यांत ते मागतच नाही असं दुसरं फळझाड मला माहीत नाही.

सोटमूळ शाबूत राहावं म्हणून रोपवाटिकेतलं मोठं कलम आणण्यापेक्षा गावरान बोराची बी जागेवरच लावावी आणि त्या खुंटावर उमराण किंवा कडाका या जातीचा डोळा भरावा. सहा मीटर बाय सहा मीटरवर हेक्टरी 277 झाडं बसतात. मधल्या पट्ट्यात मूग-उडीद घेता येतो, कारण पेरणीच्या वेळी झाड छाटलेलं असतं, सावली पडत नाही.

मग बोरीच्या बागा का मोडल्या? 1990 नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फलोत्पादन योजनेत महाराष्ट्रात बोर, आवळा, सीताफळ भरपूर लागलं. लावण झाली, पण पुढच्या प्रक्रियेची सोय त्या वेगानं झाली नाही. सगळं बोर जानेवारीत एकदम बाजारात आलं की भाव पडतो, आणि पडलेल्या भावात वेचणीची मजुरीही निघत नाही. शेतकऱ्यानं झाड तोडलं, त्यात त्याचा दोष मी मानत नाही.

दुसरं कारण फळमाशी. तिची अळी फळातून बाहेर पडते आणि मातीत कोष करते. म्हणून गळलेली, किडकी बोरं रोज वेचून नष्ट करणं आणि उन्हाळ्यात झाडाखालची जमीन चाळून कोष उन्हात उघडे पाडणं हाच पाया आहे. हे काम एकट्यानं करून भागत नाही, कारण शेजारच्या बांधावरची रानबोर माशीला आसरा देते. शिवारानं मिळून केलं तर औषधाच्या फवारण्या कमी होतात. बोर सालीसकट खाल्लं जातं, त्यामुळे पौष्टिक म्हणून विकायच्या फळात ही गोष्ट मला भावापेक्षा महत्त्वाची वाटते.

करवंदाची जागा बांधावर. नांदेडकडं रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात, रात्र-रात्र राखण करावी लागते. दाट लावलेलं काटेरी करवंद तीन-चार वर्षांत कुंपण होतं आणि मे-जूनमध्ये फळही देतं. बी मात्र ताजंच पेरावं, ठेवलं की उगवण झपाट्यानं घटते. जांभूळ ओढ्याकाठी लावावं, पण ते विकायची घाई करावी लागते: पिकलेलं फळ साध्या हवेत दोन दिवसही धड राहत नाही.

आता प्रक्रियेकडं. बचत गटांच्या प्रशिक्षणात जॅम आणि सरबत हमखास शिकवतात. जॅममध्ये विद्राव्य घटक किमान 65 टक्के असावे लागतात, आणि त्यातली बहुतेक साखरच. अशा बाटलीवर ‘आरोग्यदायी’ लिहिणं मला पटत नाही. आपल्याकडं त्याहून चांगला पदार्थ शाळेच्या फाटकाशी कधीचा विकला जातोय: बोरकूट. त्यातलं मीठ कमी करावं, बोरं रस्त्याकडेला उघड्यावर वाळवण्याऐवजी सौर वाळवणी यंत्रात 55 ते 60 अंशांवर वाळवावीत, आणि हवाबंद ठेवावीत. जांभळाचा गरही पातळ थरात असाच वाळतो. त्याचा रंग उजेडानं आणि उष्णतेनं उडतो, म्हणून पाकीट अपारदर्शक हवं. या कामात लोखंडी किंवा तांब्याचं भांडं नको, त्यानं क जीवनसत्त्व लवकर नासतं.

हे जीवनसत्त्व जपण्याला कारण आहे. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. बाजरीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, सोबत क जीवनसत्त्व असलं तर शोषण वाढतं. भोगीला आपण बाजरीची भाकरी आणि बोर घातलेली भाजी खातो, पण भाजीत शिजताना ते जीवनसत्त्व बरंच जातं. त्या ताटात थोडी कच्ची बोरं किंवा किसलेला आवळा ठेवला तर काम जास्त होईल. तुळशीच्या लग्नात बोर, चिंच, आवळा आपण ठेवतोच. त्या दिवसापासून संक्रांत उलटेपर्यंत यातलं काही ना काही घरात असतं.

निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बांधावरच्या झाडालाही नाव आणि भाव मिळू शकतो, याचा जवळचा दाखला तोच. बोराच्या बाबतीत मी गटांना एवढंच सांगतो की बाग वाढवण्याआधी वाळवणी यंत्र आणि घेणारा ग्राहक ठरवा, आणि तोवर बांधावरच्या गावरान बोरींवर डोळे भरून घ्या. त्यासाठी मे महिन्यात जुनी बोर बुंध्याशी छाटावी, पावसात जोमदार फुटवे येतात, त्यातला एक सरळ फुटवा ठेवून त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये डोळा बांधावा. मूळ आधीच खोल गेलेलं असल्यामुळे अशा झाडाला लहान रोपासारखं पाणी घालत बसावं लागत नाही.