शाफ्टाची जबानी

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालविलेल्या मनुष्याने निवृत्तीनंतर दिंडोशीतल्या इमारतीच्या आवारात जुन्या महिंद्रा जीपखाली गोणपाट अंथरून पडावे, हे शेजाऱ्यांना विक्षिप्तपणाचे वाटते, आणि त्या समजुतीस पूरक असा पुरावा मीही वेळोवेळी पुरवीत आलो आहे. दुसरा गिअर वारंवार निसटू लागला, तेव्हा कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरील जुन्या मालाच्या बाजारातून ट्रान्सफर केससह एक गिअरबॉक्स आणला आणि भाच्याला हाताशी धरून, दोन रविवार खर्ची घालून, स्वहस्ते बसविला. गिअर अगदी अलगद पडू लागले. परंतु द्रुतगती मार्गावर पन्नासाचा वेग आला, की आसनाखालून अशी बारीक, अखंड थरथर उठे, की पुढच्या खणातली सुटी नाणी आपोआप वाजू लागत.

माझा पहिला संशय, अर्थातच, कुर्ल्याच्या दुकानदारावर. फिर्यादीचा मसुदा मनात सिद्धही झाला होता. पण पंचनाम्यावाचून आरोपी ठरवू नये, ही कचेरीतली सवय आड आली. उभ्या गाडीत इंजिन मोठ्याने फिरवून पाहिले: थरथर नाही, म्हणजे इंजिन, क्लच आणि नवे घातलेले फाउंडेशन रबर यांची तूर्त सुटका. पहाटे मोकळ्या रस्त्यावर साठाचा वेग गाठून गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू दिली: थरथर जशीच्या तशी. चाकांचे म्हणावे, तर पन्नासाच्या वेगाला जीपचे चाक सेकंदाला सहाच्या आसपास फेरे घेते, आणि त्यातला दोष स्टिअरिंगमध्ये डुलत, हबकत जाणवतो. ही तर भुंग्याच्या गुणगुणीसारखी होती. चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्ट पाचांहून अधिक फेरे घेतो. मुद्देमाल तिथेच सापडणार होता.

शेजारच्या इमारतीत बेस्टच्या आगारातून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. ते खाली वाकले, शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने हलवून पाहिले, खेळ नव्हता, मग न उठताच त्यांनी विचारले, “भाऊसाहेब, शाफ्ट उतरवताना खूण केली होतीत?”

मी गप्प राहिलो. एकूण एक नट-बोल्ट मी क्रमांक घातलेल्या डब्यांत ठेवला होता, वहीत त्यांची यादी होती, भाच्याची सहीसुद्धा होती. मात्र सरकत्या जोडापाशी शाफ्टाचे दोन तुकडे सुटे झाले, त्या क्षणी खडूची एक रेघ ओढण्याचे मला सुचले नव्हते. फिटरांनी रॉकेलात भिजविलेल्या चिंधीने ग्रीस पुसले, अंगठ्याच्या नखाने मळ खरवडला, आणि लोखंडात ठोकलेले दोन बाण उघडे पडले. ते समोरासमोर असावयास हवे होते. एक दुसऱ्यापासून दोन खाचा बाजूला सरकला होता.

क्रॉसचा स्वभावच असा चमत्कारिक, की शाफ्ट तिरका असला म्हणजे एका बाजूने एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूस ती एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. दहा अंशांचा कोन असल्यास हा चढउतार शेकडा दीडच्या घरात जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमकी उलट चूक करून पहिल्याची चूक फेडतो, पण त्यासाठी शाफ्टावरची दोन्ही टोकांची कानशिले एकाच पातळीत असावी लागतात, आणि दोन्हीकडचे कोनही सारखे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या सांध्याचा अभ्यास केला. तोच सांधा मोटारीसाठी योग्य करून १९०३ साली क्लॅरेन्स स्पायसरने अमेरिकेत पेटंट घेतले. या दोघांचा हिशेब मी दोन खाचांनी चुकविला होता.

आम्ही दोघांनी शाफ्ट पुन्हा उतरविला, बाण जुळविले, ग्रीस भरले. त्या पहाटे नाणी वाजली नाहीत. कुर्ल्याचा दुकानदार माझ्या फिर्यादीपासून अनभिज्ञच राहिला, हे बरे झाले. परवा त्याच्याकडून मी पुढचा शाफ्टही घेतला.

आता जोडावर दोन्ही तुकड्यांना छेदून जाणारी पांढऱ्या रंगाची रेघ आहे, शेजारी तारीख आणि माझी आद्याक्षरे. फिटर म्हणाले, “मोहोर तेवढी राहिली, भाऊसाहेब.”