रात्री अडीचच्या काचऱ्या

चार वर्षांच्या मुलाला अडीच वर्षं केवढी मोठी, ते फायलीत कुठे लिहिलेलं नसतं. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर, आणि त्याचे उपचार साधारण तेवढे चालतात. पहिला महिना जोराचा, पुढचे काही महिने डे केअर आणि सलाइनचे, मग दीड-दोन वर्षं घरी गोळ्या. डॉक्टर कागदावर रेघ मारून हे समजावतात, तेव्हा आईबाप मनाशी ठरवून टाकतात की एवढे दिवस काढू, मग पोराचं लहानपण पुन्हा चालू करू. पण ते थांबलेलंच नसतं. आमच्या मुलाचा पहिला दात त्या रेघेवरच पडला, 'र' त्याला तिथेच म्हणता यायला लागला आणि बेमालूम खोटं बोलायलाही तो तिथेच शिकला.

आमच्या चिपळूणकडे 'टाटाला नेलंय' म्हटलं की समोरचा आवाज खाली आणतो. परळचं ते रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं. त्याआधी दहा वर्षं, 1931 मध्ये, दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियानेच गेल्या होत्या. विचित्र वाटेल, पण बाकड्यावर नंबराची वाट बघताना मला या गोष्टीचा धीर यायचा. टाटांच्या घरालाही तेव्हा जे औषध पैशाने मिळालं नव्हतं, ते आता शेजारी बसलेल्या शेतमजुराच्या पोरीला मिळत होतं.

स्टेरॉइडच्या दिवसांत मुलाला नुसती भूक लागत नाही, ती त्याला झपाटते. लालबागला मावसबहिणीच्या चाळीतल्या खोलीत आम्ही राहायचो. रात्री अडीचला हा उठून बसायचा, "आई, काचऱ्या." तव्यावर मोहरी तडतडली की शेजारच्या काकूंचा दिवा लागायचा. त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा झोपताना मात्र पाण्यात घातलेले, सोललेले बटाटे आमच्या दाराशी ठेवून गेल्या. त्याचे गाल फुगले, पोट सुटलं, आणि भुकेच्या जोडीने राग आला. एका रात्री काचऱ्या पानात पडायला उशीर झाला म्हणून त्याने मला फाडकन मारलं. सगळे म्हणाले, राहू दे गं, औषधामुळे होतंय. होत होतं औषधामुळेच. तरी मी त्याचा हात धरला आणि सांगितलं, राग आला तर उशी बडव, आईला मारायचं नाही. मावसबहीण दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

माझं मत अजून बदललेलं नाही. आजारी मुलाला सगळंच माफ केलं की त्याला त्यातून एवढंच कळतं, की मोठ्यांनी आपल्याबद्दल आशा सोडली आहे. ओरडा बसतो, दात घासायला लावतात, खेळणी आवरायला सांगतात, तोवर आपण यांच्या उद्याच्या हिशेबात आहोत, असं त्याला वाटतं. वॉर्डात ज्या मुलांना हवं ते खेळणं मागितल्याबरोबर मिळायचं, ती मला जास्त घाबरलेली दिसायची.

दुसरी गोष्ट खऱ्या-खोट्याची. रक्तातून जाणारी बरीच औषधं मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीत आणि ल्युकेमियाच्या पेशी तिथे दडून राहू शकतात, म्हणून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात मेथोट्रेक्सेट सोडतात. मुलाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात आणि हलू देत नाहीत. पहिल्या वेळी कुणीतरी त्याला सांगितलं, मुंगी चावेल फक्त. पुढच्या वेळी दाराशीच त्याने पाय रोवले, "मुंगी एवढी नाही चावत." मग आम्ही करार केला. दुखेल, मी दहापर्यंत म्हणेन, तू हलायचं नाहीस. त्याने घासाघीस करून आठावर आणलं. आठाच्या पुढे जायची वेळ आली की मी सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ करायची. सिस्टर मास्कमागे हसायच्या, पण तो दात आवळून पडून राहायचा. खरं सांगितलं म्हणून दुखणं कमी झालं नाही, तो दाराशी अडायचा मात्र थांबला.

मेथोट्रेक्सेट आणि त्याचं थोरलं भावंड अमिनोप्टेरिन ही दोन्ही औषधं भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली अमेरिकेत तयार झाली. 1948 मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन दिलेल्या 16 मुलांपैकी 10 जणांचा आजार मागे हटल्याचं जाहीर केलं. हटला तो काही काळच. त्या सोळा जणांच्या आयांचा मी फार विचार केला. त्यांना कुणी कागदावर रेघ मारून दाखवली नसणार.

चिपळूणला सासूबाईंच्या कानावर गेलं की याच्या एका इंजेक्शनातलं व्हिनक्रिस्टीन सदाफुलीपासून काढतात. आमच्या कुंपणाला सदाफुली माजलेली. "मग परळपर्यंत कशाला, पाला उकळून देते की!" बाई अगदीच वेडगळ बोलत नव्हत्या. मधुमेहावर हा पाला घेतातच. त्याचीच परीक्षा घेताना कॅनडात नोबल आणि बिअर यांना दिसलं, की साखर काही उतरत नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरतात. त्या वाटेने आधी व्हिनब्लास्टीन आणि मग व्हिनक्रिस्टीन हाती आलं. पण भाराभर पाल्यातून ते चिमूटभरही निघत नाही, मुलाला द्यायचं मिलिग्रॅममध्ये मोजून, आणि काढ्यात मोजमाप कोण करणार? एवढं पटल्यावर त्यांनी काढ्याचा नाद सोडला. तेव्हापासून त्या सदाफुलीला हळदकुंकू वाहतात.

केस गेले, त्याचा बाऊ झाला नाही. आजी म्हणाली, दुसऱ्यांदा जावळ काढलं. नवे आले ते कुरळे. गोळ्या संपल्या आहेत, तपासण्या चालू आहेत, स्वारी पहिलीत गणिताचा कंटाळा करते आणि त्यावरून ओरडा खाते.

या सगळ्यात थोरली चिपळूणला आजीजवळ होती. भेटेल तो तिला विचारायचा, भाऊ कसा आहे? शेवटी ती विचारायच्या आधीच सांगायला लागली, "भाऊ बरा आहे, आणि मी पाचवीत आहे."

म्हणून भेटायला जाणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका; त्या मुलांचे काउंट पडलेले असतात. काढा, भस्म, कुणाचा तरी रामबाण उपाय नेऊ नका. घरात दुसरं मूल असेल तर त्याला त्याचं स्वतःचं काही विचारा. आणि फळांच्या पिशवीपेक्षा प्लेटलेट द्या. त्या पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, रोज नवा माणूस लागतो. आमच्या मुलासाठी लालबागच्या मंडळाची ओळखदेख नसलेली पोरं दीड-दीड तास मशीनला हात लावून पडली होती. धडधाकट असाल तर जवळच्या रक्तपेढीत दात्यांच्या यादीत नाव घाला. दिवाळीत आणि मे महिन्यात दाते गावाला गेलेले असतात, तेव्हा फोन आला तर नाही म्हणू नका.