साठीतली फायटर, मुक्काम अंबाजोगाई

तर झालं असं, की आमच्या शनिवारच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या ग्रुपमध्ये माझी एल्फ मेली. दोन वर्षं जिवापाड सांभाळलेली, चिरतरुण, सुंदर वगैरे. ड्रॅगनच्या एका फुंकरीत खल्लास! वैतागून मी जाहीर केलं, की आता मी बासष्ट वर्षांची बाई घेणार. फायटर. आमचा डन्जन मास्टर म्हणाला, ‘‘मस्त! पण बॅकस्टोरी दे. आणि ‘आईबाप लढाईत गेले’ नको हं. बासष्टाव्या वर्षी बहुतेकांचे आईबाप गेलेलेच असतात.’’

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ आणला. स्क्रीन नाही, जॉयस्टिक नाही. कागद, फासे आणि गप्पा. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक माणूस होऊन शिरायचं. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत वयाचे नियम होते. पस्तिशीला माणूस मध्यमवयीन, त्रेपन्नाव्या वर्षी म्हातारा. ताकद, चपळाई, दमसास घटणार, अक्कल आणि शहाणपण वाढणार. (पस्तिशी! म्हणजे माझ्या हातात जेमतेम सहा-सात वर्षं.) २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही वजाबाकी नाही. आता बासष्टीची बाईही विशीतल्या पोराइतकीच तलवार फिरवू शकते. प्रश्न एवढाच उरतो, की मधली चाळीस वर्षं ती करत काय होती? आणि या वयात घर सोडून का निघाली?

नेमकं तेव्हाच एका कामासाठी बीड जिल्ह्यात जायचं निघालं. रात्रीची बस पकडली, केजला उजाडलं, आणि अंबाजोगाईच्या स्टँडवर पहिला चहा झाला तेव्हा वहीत एकच ओळ होती : ‘वय ६२’.

अंबाजोगाई म्हणजे बॅकस्टोऱ्यांचं गोदाम आहे. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता. पण ती इतक्या लांब, बालाघाटच्या डोंगरात कशी? तर म्हणे परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त टळला, वऱ्हाड होतं तिथंच दगड झालं आणि देवी कुमारिकाच राहिली. हत्तीखान्याच्या लेण्यांत गेलात की खडकात कोरलेले हत्ती दिसतात. अंगणात उभे, लग्नघरी आल्यासारखे. सकाळी मी आणि दोन शेळ्या, एवढेच होतो तिथं. एवढा रेडीमेड डन्जन मी आजवर कुठल्याही पुस्तकात पाहिलेला नाही!

दुसरी स्टोरी दासोपंतांची (१५५१–१६१५). सांगतात ती अशी : दुष्काळात वडिलांकडून सारा भरला गेला नाही, म्हणून बीदरच्या बादशहानं पोराला ओलीस ठेवलं. महिन्याच्या आत रक्कम आली नाही तर धर्म बदलायचा. शेवटी दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी अनोळखी येऊन पैसे भरून गेला. तो म्हणजे साक्षात दत्त. पुढे दासोपंत अंबाजोगाईला आले आणि इथं त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब कापडावर ‘पासोडी’ लिहिली. पण त्या चाळीस फुटांत ओलीस पोराची गोष्ट नाही, आहे ते पंचीकरण, सगळं तत्त्वज्ञान. मी इथे अडकले. कर्जापायी गहाण पडलेला पोरगा मोठेपणी त्याबद्दल बोलतच नाही? माझ्या फायटरला हे द्यायला हवं, असं वहीत लिहिलं आणि वर जरा खूशही झाले.

ती खुशी संध्याकाळपर्यंत टिकली. दसरा होऊन गेला होता. स्टँडबाहेर गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, पोरं. ऊसतोडीला निघालेले लोक. शेजारी बसलेल्या मावशी साठीच्या असाव्यात.

‘‘काय लिहितीस गं पोरी?’’

मी खेळ समजावून सांगितला. फासे, राक्षस, म्हातारी फायटर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग त्या म्हातारीला उचल किती देता?’’

उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे. ते ऊस तोडून फेडायचे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, हिशेब जोडीचा. एक दिवस चुकला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. फिटलं नाही तर उरलेलं पुढच्या हंगामात. पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक, सहा महिने कोपीत राहायचं. मावशी पोरवयात आईबरोबर गेल्या, नंतर नवऱ्याबरोबर, आता सुनेचं लेकरू सांभाळायला निघाल्या होत्या.

चाळीस वर्षं, घर सोडण्याचं कारण, हत्यार... माझी बॅकस्टोरी तयार बसली होती समोर. आणि माझा पेन काही चालेना. २०१९ मध्ये याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला होता. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायका होत्या, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण. हे आकडे मी बातमीत वापरले असते. शनिवारच्या पिझ्झ्यासोबत? नाही जमलं. मावशींना मी तेवढा एक प्रश्न विचारलाच नाही. पत्रकार म्हणून चुकलं असेल कदाचित.

‘‘तुमची उचल घेऊ का माझ्या गोष्टीत?’’ एवढंच विचारलं.

‘‘घे की. माझी फिटली तर बरंच हाय,’’ म्हणाल्या आणि ट्रक आला म्हणून उठल्या.

पुण्यात परतून शीट भरलं. खेळाच्या हत्यारांच्या यादीत विळा आहे. किंमत एक सोन्याचं नाणं, मार कमी, चार बाजूंच्या फाशाचा. डीएमनं समजावलं, की फायटर आहेस, पंधरा नाण्यांची लाँगस्वोर्ड घे. मी विळाच ठेवला. नाव लिहिलं नाही, मागचं पान कोरं. फक्त ‘देणं’ असा एक नवा रकाना आखला.

पहिल्याच सेशनला सराईच्या मालकानं प्रत्येकापुढे पन्नास सोन्याची नाणी ठेवली. गुहेतला राक्षस मारा, ही आगाऊ रक्कम. बाकीच्यांनी हसत हसत खिशात टाकली. माझ्या म्हातारीनं नाण्यांना हात न लावता विचारलं, ‘‘राक्षस नाही मेला तर?’’

डीएम पुस्तक चाळायला लागला. अजून चाळतोय.