सोळापैकी सोळा

जळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा, धुळ्यात ५. नोव्हेंबर २०२४ मध्ये या सोळाच्या सोळा जागा महायुतीने जिंकल्या. मतदारांचा कौल आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्याकडचे बरेच जण तर खूश झाले. सगळेच आमदार सरकारचे, मग कामे अडतीलच कशाला?

मंडळी, मला काळजी वाटते ती वेगळीच. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात (मुले ते परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायची) विरोधी पक्षाचे काम 'सरकारवर अंकुश ठेवणे' एवढ्यात उरकलेले असे. अंकुश ठेवायचा कसा, हे फळ्यावर मलाच सांगावे लागे. सत्ताधारी आमदार मंत्र्याला दालनात भेटतो, पत्र देतो, काम होतेही. पण तिथे काय ठरले ते आपल्याला कळत नाही. सभागृहात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लागली की मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्याची नोंद राहते. पुढच्या वर्षी तेच उत्तर त्याच्यापुढे धरता येते. सत्ताधारीही प्रश्न विचारतात, नाही असे नाही. पण आपल्याच मंत्र्याला घाम फोडणारा उपप्रश्न विचारणारा विरळाच.

कापसाचेच पाहा. २०११ साली भावासाठी जामनेरचे आमदार गिरीश महाजन उपोषणाला बसले होते आणि विधानसभेत विरोधी पक्षनेते होते मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे. २०१४ साली दोघेही मंत्री झाले. माणसे तीच, बाक बदलले. मंत्री काही सरकारविरुद्ध उपोषणाला बसत नाही, हे ओघाने आलेच.

२०२४ च्या निकालात विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला, म्हणजे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला, २० जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी २८८ च्या एक दशांश, म्हणजे २९ हव्यात असे सांगितले गेले आणि २०२५ ची अधिवेशने विधानसभेत त्या पदाशिवायच पार पडली. मग १९६२ साली काय झाले? २६४ पैकी २१५ आमदार काँग्रेसचे, शेकापचे अवघे १५, तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. १९८६ साली शरद पवार काँग्रेसमध्ये परतल्यावर आमच्या शेजारच्या मालेगावचे निहाल अहमद त्या पदावर आले. त्यांच्या जनता पक्षाने १९८५ च्या निवडणुकीत जिंकल्या होत्या २० च जागा. तोच आकडा! तेव्हाची सरकारे काही त्यामुळे कोसळली नाहीत.

आणि विरोधकाला निवडून देणे खान्देशाला नवे थोडेच आहे? १९५७ साली जनसंघाचे साऱ्या देशातून चार खासदार निवडून आले. त्यांतले एक वाजपेयी आणि एक आमच्या धुळ्याचे उत्तमराव पाटील.

आता चोपड्याच्या शेतकऱ्याला कापसाचा प्रश्न विरोधी बाकावरून विचारून घ्यायचा असेल तर त्याने जावे कुठे? २०२४ मध्ये खान्देशातून काँग्रेसचा एकच आमदार निवडून आला, तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचा. सुरतच्या गाडीत बसून अगदी राज्याच्या वेशीवर उतरायचे. त्या स्टेशनाचा निम्मा भाग तर गुजरातेतच आहे.