पगार वेगळे, कर एकच

25 जानेवारी 2025
आजपासून एसटीची 14.95 टक्के भाडेवाढ. भांडी घासता घासता मावशी हिशेब मांडत होत्या. "ताई, माझं अर्धं तिकीट, पण ह्यांचं न् पोराचं पूर्ण लागतं." अर्ध्या तिकिटाचा बायकांना फार आधार आहे. पण भाडं वाढलं की ते अर्धंही वाढतंच.

1 फेब्रुवारी
केंद्राचा अर्थसंकल्प. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही. आमचे चांगले पैसे वाचतील, घरात सगळे खुशीत आहेत. मावशींच्या घरात प्राप्तिकर कधी नव्हताच, त्यामुळे सवलतही नाही. त्यांचा कर दुकानात आणि पंपावर जातो. दिलासा मिळाला तर तिथेच मिळेल.

28 फेब्रुवारी
पगारातून व्यवसाय कराचे 300 कापले. एरवी 200, वर्षाचे 2,500. हा कर मला कधी डाचला नाही. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांना पैसा उभा राहावा म्हणून 1975 मध्ये तो आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी वाटा उचलायचा, हे मला मनापासून पटतं. शिवाय हा कर थोडा तरी पगार बघतो. महिना 25,000 पर्यंत कमावणाऱ्या बाईला तो माफ आहे.

8 एप्रिल
गॅस सिलिंडर 50 रुपयांनी महागला. उज्ज्वला योजनेतला सिलिंडरही तेवढाच. मावशी म्हणाल्या, "डाळ रात्रीच भिजत टाकते, दोन शिट्ट्या कमी लागतात. पोरांच्या अंघोळीचं पाणी चुलीवर." शहरातल्या पत्र्याच्या खोलीबाहेर तीन विटांची चूल पुन्हा पेटली आहे. धूर आधी त्यांच्याच डोळ्यांत जाणार.

6 जून
पेट्रोल भरलं आणि पावती नीट वाचली. लिटर, दर, एकूण रक्कम. कराचा आकडा कुठेच नाही. आत केंद्राचं उत्पादन शुल्क आहे, राज्याचा 25 टक्के व्हॅट आहे आणि वर लिटरमागे 5.12 रुपये. मावशींचा मुलगा जुन्या स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवतो. मोठ्या मोटारीच्या टाकीत लिटरमागे जेवढा कर जातो, तेवढाच त्याच्याही खिशातून जातो. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे तिथला दर कमी झाला तरी याला काही फरक पडत नाही.

22 सप्टेंबर
घटस्थापना. जीएसटीचे नवे दर लागू. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 टक्क्यांवरून 5 वर. वह्या-पेन्सिलींवरचा कर गेला. हे फार चांगलं झालं. जुलै 2022 मध्ये पॅकबंद पीठ-तांदळावर बसवलेला 5 टक्के मात्र तसाच आहे. मावशी सुटं धान्य घेतात, निवडतात, दळून आणतात. कामावरून दमून आल्यावर पिठाची पिशवी विकत घ्यावी, तर तिच्यावर कर.

23 सप्टेंबर
रस्ते, दवाखाने, शाळा करातूनच चालतात. कर द्यायला माझी ना नाही. पण ज्याची चूल रोजच्या कमाईवर पेटते, त्याच्या पिठा-इंधनावर माझ्याइतकाच कर नको. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येईल. त्याआधी आमदारांना पत्र लिहिते आहे. मागण्या दोन: पेट्रोलवरचे ते 5.12 रुपये काढा आणि पंपाच्या पावतीवर कर वेगळा छापा. मावशी म्हणाल्या, माझीही सही घ्या.